कपाळावरचं लेझर आणि तिरुवैयारुची बस

फिजिओथेरपीच्या खोलीत किस्से फार साठतात. डॉक्टरांकडे पेशंट पाच मिनिटं बसतो, तेही घाबरून. आमच्याकडे तो अर्धा अर्धा तास शेक घेत पडलेला असतो. हातपाय आमच्या ताब्यात, तोंड मात्र मोकळं! मग सुनेपासून सरकारपर्यंत सगळ्यांचा उद्धार होतो आणि तो आम्ही ऐकतो.

तंजावूरच्या एका लहानशा ट्रस्ट हॉस्पिटलात मी अशी खूप वर्षं काढली. राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर, तिथून चालत गेलं की हॉस्पिटल. पुण्याला नणंदेकडे गेले की जेवणं उरकल्यावर तिची मुलं मला घेरतात, “मामी, ते लेझरचं सांग ना!”

सांगते. पण मधेच कुणी “तुमची तंजावूरची मराठी किती गोड, किती जुनी” असं म्हणायचं नाही. मला राग येतो. मी काय म्युझियममधली मूर्ती आहे? शिवाय यातलं निम्म्याहून जास्त बोलणं तमिळमध्ये झालेलं आहे. ते तुमच्यासाठी मराठीत करून सांगतेय, तेवढे उपकार माना आणि ऐका.

*

आमचे प्रमुख होते माधवराव सर. आमच्यातलेच, म्हणजे तंजावूरचे मराठी. घरी मराठी, हॉस्पिटलात तमिळ आणि रागावले की इंग्रजी. नव्वदचं दशक संपत आलं होतं. टीव्हीवर रोज नवं चॅनेल, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडी बूथ आणि फुटपाथवर परदेशी वस्तूंचे ढीग. अशात सर मद्रासला एका कॉन्फरन्सला गेले.

तिथे एक मोठे सर्जन पडद्यावर स्लाइड दाखवत होते. हातात लेझर पॉइंटर. पडद्यावर लाल ठिपका. सगळा हॉल स्लाइड बघत होता आणि आमचे सर ठिपका बघत होते! ठिपका उजवीकडे गेला की थरथरायचा, डावीकडे आला की शांत. वर नेताना तर पार अडखळायचा.

भाषण संपलं. लोक प्रश्न विचारायला उभे राहिले. आमचे सरही उभे राहिले.

“सर, तुमचा विषय मला फारसा कळला नाही. पण तुमचा उजवा खांदा मला बिलकुल आवडला नाही!”

हॉलमध्ये हशा. सर्जन चिडले. म्हणाले, “माझ्या खांद्याला काहीही झालेलं नाही!”

पुढच्या महिन्यात ते स्वतःची गाडी घेऊन तंजावूरला आले. मागच्या सीटवर बसून, कारण स्टिअरिंगवर उजवा हात ठरेना! त्यांच्या त्या ठिपक्यावरूनच सरांना आमचं लेझरचं काम सुचलं.

*

आता हे काम काय ते सांगते, म्हणजे मधे मधे विचारू नका. माणसाच्या कपाळावर पट्ट्याने लेझर बांधायचं. समोरच्या भिंतीवर तक्ता. तक्त्यावर दोन रेघांमधला वळणावळणाचा रस्ता. पेशंटने स्टुलावर बसून, फक्त मान हलवत, तो लाल ठिपका त्या रस्त्यावरून न्यायचा. ठिपका रेघेबाहेर किती वेळा गेला आणि किती वेळ लागला, त्यावरून मानेवर ताबा किती ते कळतं. मानेला हिसका बसलेल्या माणसाला हे भलतंच अवघड जातं. दुखणं थांबतं, पण मान आपलं ऐकत नाही.

पॉइंटर सरांनी मद्रासच्या फुटपाथवरून आणले, किल्ल्यांना अडकवायचे असतात तसले. पट्ट्याचं काम आमचा मदतनीस मुरुगन याच्याकडे. पन्नाशीचा माणूस, तोंडात सदा पान, पण हात सोन्याचे. त्याने भरतनाट्यमचे दागिने विकणाऱ्या दुकानातून कपाळपट्टी आणली आणि तिला लेझर शिवून टाकलं. खडे तसेच ठेवले. म्हणाला, “चांगले दिसतात!”

आमच्या गल्लीतल्या कावेरीबाई पहिल्याच दिवशी आल्या. मी पट्टी बांधायला गेले तर त्यांनी माझा हात धरला.

“सुमती, तिथे माझं कुंकू आहे.”

“पट्टीखाली जाईल, आत्त्या. पुसणार नाही.”

“झाकायचं? त्यावर बॅटरी लावायची? अगं, माझे हे बाहेर व्हरांड्यात बसलेत, धडधाकट आहेत!”

पुष्कळ समजावलं. शेवटी पट्टी मागे सरकवून लेझर अंबाड्याच्या वर बसवलं. बाईंनी आरशात पाहिलं, पिशवीतून मोगऱ्याचा गजरा काढला आणि त्या अंबाड्याभोवती गच्च गुंडाळला. लेझर गजऱ्याच्या आत! भिंत कोरी. मी म्हटलं, “आत्त्या, ठिपकाच दिसत नाही हो!”

“नसू दे. आता मी तरी बरी दिसते.”

*

मग सुरू झाला खरा गोंधळ. जो येईल तो नापास! मान दुखणारे नापास, ते ठीक. पण सोबत आलेले नातेवाईक बसवले, तेही नापास. सरांनी गंभीर चेहऱ्याने जाहीर केलं, “सुमती, आपल्या अख्ख्या जिल्ह्याचा मानेवरचा ताबा गेलेला आहे. हा मोठा शोध आहे.”

मी कपाळाला हात लावला. दोन दिवस नुसती बघत बसले, तेव्हा उलगडलं. सर दर वळणाला पेशंटला विचारत, “समजलं?” आणि पेशंट आपल्याकडच्या रीतीने मान डोलवून हो म्हणत. ठिपका भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत! आमच्या गावची मान हलवणारी बाहुली सगळीकडे विकली जाते, ती कुणाला बघून केली असं वाटलं तुम्हाला?

मी सरांना सांगितलं. सरांनी नियम काढला, “मान डोलवायची नाही. तोंडाने ‘सरी’, म्हणजे बरं, म्हणायचं.” पेशंट म्हणाले, “सरी,” आणि डोलवली.

“ही खेड्यातल्या लोकांची सवय,” सर वैतागून म्हणाले. “शिकलेला माणूस असं करत नाही.”

“तुम्ही नाही करत?”

“मी? छे!”

मी उठले. पट्टी घेतली, सरांच्या कपाळाला बांधली, बटण दाबलं आणि विचारलं, “म्हणजे सर, तुम्ही बोलताना मान अजिबात हलवत नाही, असंच ना?”

“बरोबर!” सर म्हणाले. लाल ठिपका खिडकीतून बाहेर जाऊन समोरच्या मेडिकल दुकानाच्या पाटीवर नाचून आला.

*

याच दिवसांत कदिरेसन आला. एका खासगी बस कंपनीचा ड्रायव्हर, तंजावूर ते तिरुवैयारु. रस्त्यात आडवी आलेली शेळी वाचवायला त्याने ब्रेक मारला. शेळी वाचली, माणसं वाचली, याच्या मानेला मात्र हिसका बसला. दुखणं महिन्याभरात गेलं. पण कंपनीचे मॅनेजर पिळ्ळै अडून बसले, मानेवर पूर्ण ताबा असल्याचं हॉस्पिटलने सांगितल्याशिवाय स्टिअरिंग मिळणार नाही. नाहीतर कायमचा शेडमध्ये, बसगाड्या धुवायला.

तसं त्यांचं चुकीचं नव्हतं हो. मान वळत नसेल तर आरशात मागचं दिसणार कसं? पण कदिरेसनचं तोंड बघवत नसे. एवढा दणकट गडी, स्टुलावर बसला की शाळेतल्या पोरासारखा दिसायचा.

“आक्का,” तो मला म्हणाला, “माझी मुलगी त्याच बसने कॉलेजात जाते. मैत्रिणींना सांगते, पुढे बसलेत ते माझे अप्पा. आता मी बादली घेऊन उभा राहू?”

“मुकाट व्यायाम कर,” असं म्हणून मी खेकसले. वाईट वाटलं की मी खेकसतेच, घरी सगळ्यांना माहीत आहे.

व्यायाम तो मन लावून करायचा. भानगड दुसरीच होती. आडवं पडून मानेला ताण द्यायचं काम संपलं, तरी हा टेबलावरून उठायचाच नाही. पहिल्या दिवशी मी घाबरले, म्हटलं चक्कर आली की काय! मुरुगनने पान गालात सरकवलं, दारावर तळहाताने दोन थापा मारल्या आणि ओरडला, “पोलाम् रैट्!”

आमच्याकडे बसचा कंडक्टर अशाच दोन थापा मारून असं ओरडतो. म्हणजे, झालं, चला, निघू या. ते ऐकल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही.

कदिरेसन ताडकन उठून बसला. मग ते रोजचंच झालं. ट्रीटमेंट संपली की मुरुगनच्या दोन थापा, “पोलाम् रैट्!”, आणि कदिरेसन घरी.

*

लेझरवर मात्र तो दर वेळी नापास. वळणं बरी घ्यायचा, ठिपका निम्म्यापर्यंत छान जायचा. तेवढ्यात बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजला की ठिपका गेला खिडकीकडे!

“कुणाची बस आहे बघू नकोस!” सर ओरडायचे.

“बघत नाही सर. सेल्वराजची आहे. दुसरा गिअर घासतोय.”

एकदा सरांनी खिडकी बंद केली. कानात कापूस घातला. सुरू केलं. अर्ध्यावर ठिपका थरथरला आणि पुन्हा खिडकीकडे वळला.

“आता काय झालं?”

“सर, जमीन हलली. आमचीच बस आहे. माझ्या सीटवर कुणीतरी जाडा बसवलाय!”

आम्ही हसलो. तो हसला नाही. दुसराच कुणीतरी आपल्या सीटवर बसून जातोय, हे त्याला रोज आमच्या खिडकीतून ऐकू येत होतं.

*

मधे पालीचा किस्सा सांगते, तो राहून जातो नेहमी.

तिरुवैयारुच्या एक गाणं शिकवणाऱ्या बाई येत, विशालाक्षी अम्मा. शिकवताना पन्नास वर्षं एकाच बाजूला बसलेल्या मुलींकडे बघून मान तिकडेच आखडली होती. स्वभाव सोवळा, पंचांग तोंडपाठ. ठिपका रस्त्यावर ठेवायला सांगितलं की तो तालावर हलायचा. मनातल्या मनात गात असायच्या ना!

“अम्मा, गाणं थांबवा.”

“मी कुठे गातेय?” असं म्हणायच्या आणि ठिपका समेवर यायचा.

एके दिवशी ट्यूबलाइटमागून एक जाडजूड पाल निघाली. तिला तो लाल किडा वाटला. सरसरत आली ती थेट ठिपक्याजवळ. अम्मांनी ठिपका हलवला तर पाल पळाली त्याच्यामागे. आणखी हलवला तर आणखी पळाली, आता अगदी अम्मांच्या डोक्यावरच्या छतापर्यंत! पाल अंगावर कुठे पडली तर काय फळ मिळतं, ते अम्मांना पाठ. डोक्यावर पडली तर काय, तेही पाठ. तोंडचं पाणी पळालं त्यांच्या. अगदी हळू, श्वास रोखून त्यांनी तो ठिपका छतावरून भिंतीवर आणला, भिंतीवरून तक्त्यावर, तक्त्यावरच्या रस्त्याने वळणावळणाने पार शेवटापर्यंत आणि तिथून कपाटामागे. पाल मागोमाग कपाटामागे गेली.

एकदाही रेघेबाहेर नाही! इतकी सुंदर मान आम्ही त्या खोलीत पाहिली नव्हती.

सरांनी कपाटामागे वाकून पाहिलं. मग मुरुगनला म्हणाले, “ती पाल मारू नकोस. स्टाफमध्ये घे.”

*

सरांनी ते गमतीत म्हटलं, पण माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. कावेरीबाईंसारख्या बायका तक्त्यावरच्या त्या रस्त्याला नाकं मुरडत. “हे काय वेडंवाकडं? ठिपके कुठायत?” आमच्याकडे दारात रोज कोलम काढतात, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी. आधी ठिपके मांडायचे, मग त्यांच्याभोवती न तुटणारी रेघ फिरवायची. म्हणून मी एक दिवस कोलमचा तक्ता लावला. झालं! बायका मान फिरवायच्या ती अशी की जणू बोटांत पीठच आहे. दुखणं विसरून एकमेकींच्या कोपऱ्यांना नावं ठेवू लागल्या.

सर भडकले. इंग्रजीत भडकले. “धिस इज अ क्लिनिक! सणाचं अंगण नव्हे!”

“मग सर, तुमच्या त्या रस्त्यावरून जाऊन माणूस कुठे पोचतो ते सांगा,” मी म्हटलं. माझाही आवाज चढला होता. “माणसाला ओळखीचं काही द्या. रुंदी तीच ठेवू, वळणं तितकीच ठेवू. मग तर झालं?”

सर पुटपुटत निघून गेले. संध्याकाळी येऊन स्वतःच फूटपट्टी लावून रुंदी मोजून गेले. म्हणजे परवानगी!

मग मी कदिरेसनसाठी वेगळा तक्ता केला. खाली तंजावूरचा बसस्टँड, वर तिरुवैयारु. मधे नद्या आणि त्यांचे पूल. तिरुवैयारुला जाताना पाण्यावरून पाण्यावर जावं लागतं, रस्ता सरळ म्हणून नाहीच. वळणं मी दर रविवारी त्या बसमधून माहेरी जाते म्हणून मला पाठ. तक्ता तयार झाला त्या दिवशी, पाठ करून आला असं कुणी म्हणू नये म्हणून, मुद्दाम कदिरेसनला दाखवला नाही. त्याच दिवशी पिळ्ळैंचा निरोप आला होता, “तुमचा कागद नको. मी स्वतः येऊन डोळ्यांनी बघणार. एकदाच.”

*

पिळ्ळै आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, जाड मिशा, मनगटावर मोठं घड्याळ. हसणं म्हणून माहीत नाही. सरांनी दिलेल्या खुर्चीवर पाठ न टेकता बसले. मुरुगनला बघून म्हणाले, “हा पान खाणारा बाहेर.” मुरुगन बाहेर गेला.

सरांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. ठिपका रेघेबाहेर गेला तर नापास. ठरलेल्या वेळेत पोचला नाही तरी नापास. पिळ्ळैंनी घड्याळ काढून हातात धरलं. खिडकी बंद, पंखा बंद, मेडिकल दुकानातला रेडिओसुद्धा मी बंद करून आले होते.

“कदिरेसन,” मी पट्टी बांधताना कानाशी म्हटलं, “बोलायचं नाही. डोलायचं नाही. देऊळ लागलं तर नमस्कार मनात.”

त्याने डोळ्यांनीच हो म्हटलं. मी तक्त्यावरचा कपडा काढला.

तक्ता बघून त्याचा चेहरा असा काही उजळला की काय सांगू! दोन्ही हात आपोआप पुढे आले आणि हवेत स्टिअरिंग धरून बसले. ठिपका बसस्टँडवरून निघाला. पहिलं वळण, दुसरं वळण. लोण्यातून सुरी जावी तसा. पहिला पूल, उतार, पुढचं वळण. सर माझ्याकडे बघत होते, मी देवाचं नाव घेत होते. पिळ्ळै एकदा ठिपक्याकडे, एकदा घड्याळाकडे.

निम्मा रस्ता झाला. पुढचा पूल समोर आला आणि पुलाच्या अलीकडे ठिपका थांबला.

थांबला म्हणजे थांबला. खिळा ठोकल्यासारखा. इकडे नाही, तिकडे नाही.

“का थांबला?” पिळ्ळैंनी विचारलं.

मान अडकली! वेळ चालला होता, घड्याळाची टिकटिक मला ऐकू येत होती. सरांच्या कपाळावर घाम. त्या पोरीचे अप्पा आता बादली घेऊन उभे राहणार, एवढंच माझ्या डोळ्यांसमोर येत होतं. रडूच फुटायचं बाकी होतं.

“कदिरेसन,” मी न राहवून कुजबुजले, “अरे, दुखतंय का?”

मान तसूभरही न हलवता, ओठ जेमतेम उघडून तो म्हणाला, “नाही आक्का. स्टॉप आहे. माणसं चढतायत.”

सरांनी डोळे मिटून घेतले. मी दाराकडे पाहिलं. दार बंद, मुरुगन बाहेर. आता त्या दोन थापा मारणार कोण?

पिळ्ळै ठिपक्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हातातलं घड्याळ खिशात टाकलं, खुर्चीवरून उठले, शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि दाराशी जाऊन उभे राहिले. एक हात चौकटीला, एक पाय बाहेर काढल्यासारखा. तक्त्यावरच्या स्टॉपकडे एकदा वाकून पाहिलं, कुणी चढायचं राहिलं नाही ना. मग दारावर तळहाताने दोन सणसणीत थापा मारल्या आणि अख्खं हॉस्पिटल दणाणेल अशा आवाजात ओरडले,

“पोलाम् रैट्!”

ठिपका पुलावर चढला.